प्राचीन मिसर देशातील तालवाद्ये

वाद्यांच्या चार जाती भरतमुनींनी सांगितल्या आहेत, हे कीर्तनात मागे उभे राहणाऱ्या पुष्कळांना ठाऊक असेल. तारेची ती तत, फुंकायची ती सुषिर, कातड्याने मढविलेली ती अवनद्ध, आणि एकमेकांवर आपटून किंवा हलवून वाजवायची ती घन. पखवाज अवनद्ध, टाळ-चिपळ्या घन. आज ज्या वाद्यांची ओळख करून घ्यायची आहे ती या शेवटच्या दोन जातींतलीच. पण मुलूख आपला नव्हे. मिसर देश, ज्याला इंग्रजी शिकलेली मंडळी इजिप्त म्हणतात, तिथली ही वाद्ये. त्यांतली काही साडेचार हजार वर्षांपूर्वीची, काही त्याहूनही जुनी. तुमचा आमचा त्यांच्याशी काय संबंध, असे कुणी विचारील. संबंध एवढाच की, देवाच्या वाटेवर टाळी वाजवीत निघालेली माणसे तिकडेही होती, आणि त्यांनी हातात काय धरले होते हे जाणून घेण्याची हौस टाळकऱ्याला नसेल तर कुणाला असायची?

तेव्हा पहिल्याने त्यांची यात्राच पाहू.

हिरोडोटस नावाचा एक ग्रीक गृहस्थ इ. स. पू. पाचव्या शतकात मिसर देश हिंडून आला आणि त्याने पाहिले-ऐकले ते लिहून ठेवले. नाईल नदीच्या मुखाकडे, आजच्या झगाझिग शहराजवळ बुबास्तिस नावाचे क्षेत्र होते. तेथे बास्तेत या मांजरमुखी देवीचे ठाणे. तिच्या यात्रेला लोक पायी न जाता होड्यांतून जात, कारण तो सगळा मुलूखच पाण्याचा. पुरुष आणि बायका एकाच होडीत, आणि होडी माणसांनी भरलेली. काही बायकांच्या हातांत एकमेकींवर आपटायच्या पट्ट्या असत व त्या वाटेभर वाजत राहत. काही पुरुष पावा वाजवीत. उरलेले गात आणि टाळ्या पिटत. वाटेत गाव लागले की होडी काठाशी न्यायची; मग काही बायका वाजवीतच राहत, काही काठावरच्या बायकांची थट्टा करीत, काही नाचत, आणि काही अगदी लाज सोडून वागत, त्याचा तपशील येथे देण्याचे कारण नाही. क्षेत्री पोचल्यावर मोठे यज्ञ होत, आणि साऱ्या वर्षात लागली नसेल इतकी द्राक्षाची दारू त्या एका उत्सवात संपे. मुले सोडून सात लाख माणूस जमते, असे तिथल्या लोकांनी त्याला सांगितले. यात्रेचा आकडा गावकऱ्यांनी सांगितला म्हणजे तो कितपत धरायचा, हे आपल्या वाचकांना शिकवायला नको.

हे वाचून कुणी नाक मुरडील. ही कसली यात्रा, हा तर नुसता धिंगाणा! मलाही प्रथम तसेच वाटले होते. पण एखाद्या लोकांचे वाद्य समजून घ्यायचे तर ते कोणत्या दैवतापुढे आणि कशासाठी वाजत होते हे आधी कळले पाहिजे. नाहीतर नुसत्या लाकडाच्या आणि काशाच्या वस्तू हाती राहतात.

त्यांची एक कथा आहे. थिबीजच्या राजांच्या थडग्यांत ती कोरलेली सापडते. सूर्यदेव रे म्हातारा झाला, तेव्हा माणसांनी त्याच्याविरुद्ध कट केला. रागावून त्याने आपला नेत्रच देवी हाथोरच्या रूपाने माणसांवर सोडला. तिने संहार आरंभला आणि तिला रक्ताची चटक लागली. तेव्हा रे याला दया आली. पण देवी आता आवरेना. मग त्याने यवाच्या मद्याचे सात हजार घडे तांबड्या मातीने रंगवून रातोरात शेतांत ओतविले. सकाळी देवी आली, रक्त समजून ते प्याली, धुंद झाली, आणि समोरची माणसे तिला ओळखू येईनात. माणूस वाचला तो असा. ही रागावलेली देवी म्हणजे सिंहमुखी सेखमेत. तीच निवली की हाथोर. बुबास्तिसची मांजरमुखी बास्तेत हे तिचेच सौम्य रूप. साथीचे रोग, दुष्काळ, नदीला पूर न येणे, ही सारी तिच्या कोपाची चिन्हे. तेव्हा तिला प्रसन्न ठेवणे हा त्या लोकांना जिवाचा प्रश्न होता. मद्य, नाच आणि वाद्य ही त्यासाठी. आता होडीतल्या त्या बायकांच्या हातातल्या पट्ट्यांचा आवाज थोडा निराळा ऐकू येतो की नाही?

देवीला निवविण्याचे खास वाद्य मात्र दुसरेच. ग्रीकांनी त्याला सेइस्त्रोन, म्हणजे हलविण्याची वस्तू, असे नाव दिले. रोमन लोकांनी त्याचे सिस्ट्रम केले आणि पुस्तकांतून तेच नाव रूढ झाले. खुद्द मिसरी नाव सेशेशेत. हे नाव तोंडाने सावकाश म्हणून पाहावे, म्हणजे वाद्य कसे वाजत असेल हे निम्मे कळते.

एक मूठ. मुठीवर धातूची उभट कमान, उलट्या घोड्याच्या नालासारखी. कमानीच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर भोके आणि त्यांतून आरपार गेलेल्या तीन-चार सळ्या. या सळ्या घट्ट बसवीत नाहीत, मुद्दाम सैल ठेवतात. निसटू नयेत म्हणून टोके वाकवतात. मूठ धरून हलवले की सळ्या इकडून तिकडे सरकतात आणि कमानीवर आपटतात. आपल्या चिपळीच्या खाचेत जशा पितळी चकत्या असतात तशा चकत्या कित्येकदा या सळ्यांतही ओवलेल्या असत. हळू हलवले तर सळसळ, झटका दिला तर ठोका. घुंगराचा स्वच्छ नाद यात नाही. ज्वारीचे वाळत आलेले उभे पीक वाऱ्याने हलते तेव्हा जे ऐकू येते, त्याच्या जवळपास जाणारे काहीतरी.

आणि हे साम्य उगाच सुचलेले नव्हे. नाईलच्या दलदलीत पपायरस नावाचे लव्हाळ्याच्या जातीचे, पुरुषभर उंचीहून वाढणारे झाड होई. त्याच्या गाभ्याच्या पट्ट्यांचा हे लोक कागद करीत. हाथोर देवी गाईच्या रूपाने याच पपायरसच्या रानातून बाहेर येते अशी त्यांची समजूत, आणि देवीपुढे पपायरसचे दांडे उपटून, हलवून सळसळ करण्याचा विधी जुन्या थडग्यांत कोरलेला दिसतो. सेशेशेत हे वाद्य त्या सळसळीचेच धातूतले रूप असावे असे विद्वान मानतात. मला हे मत पटते. देवीच्या आगमनाची जी खूण रानात ऐकली, ती माणसाने घरी आणली आणि मुठीत धरली.

याचा आणखी एक प्रकार होता. त्यात साध्या कमानीच्या जागी एक लहानसे देऊळ किंवा देवळाचा दरवाजा करीत, त्याच्या आत सळ्या, आणि खाली मुठीच्या माथ्यावर हाथोरचे मुख. मुख बाईचे, कान गाईचे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये या घाटाचे एक सिस्ट्रम आहे. त्यावर सहाव्या घराण्यातल्या तेती राजाचे नाव कोरलेले आहे, म्हणजे ते इ. स. पू. 2300 च्या सुमाराचे. ते अलाबास्तर दगडाचे आहे. दगडाचे वाद्य जोराने हलवायची सोय नाही. ते देवीला वाहण्यासाठीच घडविले असावे. वाजवायचे वाद्य वेगळे आणि वाहायचे वेगळे, हा भेद लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण पुढे रंगीत काचेरी मातीचीही असंख्य सिस्ट्रमे नवस म्हणून वाहिलेली सापडतात.

हाथोरचे मोठे ठाणे देंदेरा येथे, आजच्या केना शहराजवळ. सध्या उभे असलेले मंदिर इ. स. पू. 54 मध्ये बारावा टॉलेमी राजा असताना सुरू झाले, आणि पुढचा मंडप रोमन बादशहांच्या काळात पुरा झाला. त्या मंडपाला चोवीस खांब आहेत. खांबांच्या माथ्यावर चारही बाजूंनी हाथोरची मुखे आणि त्यावर तो देवळाचा आकार. म्हणजे प्रत्येक खांब हेच एक प्रचंड सिस्ट्रम आहे! मंदिरात शिरणारा माणूस चोवीस वाद्यांच्या रांगांमधून शिरतो. मुखांपैकी पुष्कळ मागाहून छिन्नीने विद्रूप केलेली आहेत, तरी घाट कळतो. भिंतींवर स्वतः राजा दोन्ही हातांत दोन सिस्ट्रमे घेऊन देवीपुढे उभा असलेला दिसतो. देवीला इही नावाचा मुलगा आहे, आणि त्याचे काम काय, तर आईपुढे सिस्ट्रम वाजविणे. देवाच्याच लेकराला वादक केले म्हटल्यावर या वाद्याची योग्यता काय मानत असतील हे वेगळे सांगायला नको.

रोजच्या पूजेत मात्र हे वाद्य मुख्यतः बायकांच्या हातात असे. मंदिरात गाणाऱ्या-वाजविणाऱ्या स्त्रियांचे पदवीनाम त्यांच्या शवपेट्यांवर अभिमानाने लिहिलेले आढळते. नव्या राज्याच्या काळात, म्हणजे इ. स. पू. 1550 पासून पुढे, यांत थोरामोठ्यांच्या लेकीसुना असत. राणीसुद्धा यातून सुटलेली नाही. अबू सिंबेलच्या लहान मंदिरात दुसऱ्या रामसेसची राणी नेफर्तारी सिस्ट्रम घेऊन उभी आहे. या स्त्रियांच्या दुसऱ्या हातात पुष्कळदा मण्यांच्या अनेक सरांचा एक जड हार असे, त्याला मेनात म्हणत. तो गळ्यात घालायचाही आणि हातात धरून खुळखुळवायचाही. अलंकार आणि वाद्य एकच.

या ठिकाणी एका राजाची हकीकत सांगतो. इ. स. पू. चौदाव्या शतकात अखेनातेन नावाच्या राजाने सगळे जुने देव बाजूला सारले आणि सूर्यबिंबाची, आतेनची, एकट्याची उपासना चालविली. आमोन देवाचे नाव भिंतींवरून खरवडून काढले. आता सिस्ट्रम तर हाथोरचे वाद्य. ते जायला हवे होते. पण गेले नाही. त्याच्या नव्या राजधानीतल्या शिल्पांत राजकन्या आईबापांच्या मागे उभ्या राहून आतेनपुढे सिस्ट्रमच वाजवीत आहेत. एवढेच की मुठीवरचे हाथोरचे मुख गायब झाले. पुढे तुतनखामेन राजाच्या कबरीत हॉवर्ड कार्टरला दोन सिस्ट्रमे मिळाली (कबर उघडली ती 1922 साली), तीही अशीच साधी: सोनेरी मुलामा दिलेली लाकडी मूठ, वर धातूची कमान, सापाच्या आकाराच्या तीन-तीन सळ्या आणि त्यांत चकत्या. जुने देव तोवर परत आले होते, पण या वाद्यांवर हाथोर परतलेली नव्हती. देवांची नावे पुसण्याइतका कडक राजा, पण वाद्य खाली ठेवायला त्याने सांगितले नाही, किंवा सांगण्याचे धैर्य झाले नसेल. कोण जाणे!

त्याच कबरीत हस्तिदंती चिपळ्यांची एक जोडी मिळाली. तिच्यावर तीये राणीचे आणि मेरितातेन राजकन्येचे नाव आहे. चिपळ्या म्हटले खरे, पण आपल्या चिपळीशी त्यांचे घाटाने साम्य नाही. या दोन वाकलेल्या पट्ट्या असतात, टोकाशी माणसाच्या हाताचा पंजा कोरलेला. वाकलेल्या का? तर पुष्कळशा पाणघोड्याच्या सुळ्याच्या केलेल्या, आणि सुळा उभा चिरला की त्याचा मूळचा बाक दोन्ही तुकड्यांत उतरतो. जोडी आपोआप जुळते. लाकडाच्या करताना देखील कारागिरांनी तोच बाक ठेवला. आणि पंजा का, याचे उत्तर तर उघड आहे. ही वस्तू टाळीचीच लांबवलेली आवृत्ती. हात थकतात, हस्तिदंत थकत नाही. मिसरमध्ये सापडलेल्या वाद्यांत ही जात सर्वांत जुन्यांपैकी. राजघराणी सुरू होण्यापूर्वीपासून त्या आढळतात.

या चिपळ्या फक्त देवळात वाजत असे मात्र समजू नये. सक्कारा येथे मेरेरुका नावाच्या प्रधानाचे थडगे आहे, सहाव्या घराण्याच्या काळातले. त्याच्या भिंतीवर द्राक्षे तुडविण्याचे चित्र कोरलेले आहे. मोठ्या कुंडात गडी ओळीने उभे राहून पायांनी द्राक्षे तुडवीत आहेत आणि बाजूला दोन माणसे बसून काठ्यांचा ठेका देत आहेत. ठेका नसेल तर पाय एकदम पडणार नाहीत, आणि पाय एकदम पडले नाहीत तर माणसे एकमेकांवर पडतील. आपल्याकडे मोट हाकताना किंवा जात्यावर जे काम गाणे करते तेच हे. देवापुढचा ताल आणि रानातला ताल हे दोन नव्हेत, हे ज्याने पावसात दिंडीबरोबर मैलोगणती पाय टाकले आहेत त्याला पुराव्याशिवायही कळेल.

येथे एक शंका नेहमी निघते, ती सोडवून पुढे जाऊ. चिपळ्या तिकडे, चिपळ्या इकडे. मग कुणी कुणाकडून घेतल्या? उत्साही लेखक कधी म्हणतात आपल्याकडून तिकडे गेल्या, कधी म्हणतात तिकडून इकडे आल्या. दोन्ही म्हणण्यांना मला आधार दिसत नाही. दोन हात सर्वांना आहेत आणि दोन काठ्या कोणत्याही रानात मिळतात. एवढ्यावरून नाते जोडू गेले तर सारे जगच एकमेकांचे ऋणी ठरेल.

टाळीबद्दल थोडे. जुन्या राज्याच्या थडग्यांत, म्हणजे पिरॅमिडे बांधली त्या काळात, नाचणाऱ्यांपुढे टाळ्या वाजविणाऱ्या बायकांची ओळ हमखास असते. दुसरीकडे वीणेसारखे तंतुवाद्य आणि पावा वाजविणाऱ्यांच्या समोर एक माणूस बसलेला असतो, एक हात कानाशी, दुसरा हात हवेत, बोटे काही विशिष्ट रीतीने जुळवलेली. लेखात याच्या गाण्याला 'हाताने गाणे' असा शब्दप्रयोग आहे. हान्स हिकमान नावाच्या जर्मन पंडिताने कैरोत राहून तेथील म्युझियममधल्या वाद्यांची मोठी सूची 1949 साली प्रसिद्ध केली. त्याचे म्हणणे, या हातांच्या खुणा म्हणजे वादकाला स्वर दाखविण्याची रीत. इतरांना ते सगळे मान्य नाही. त्यांच्या मते हात फक्त ठेका दाखवितो. आपले मत द्यायचे तर, बोटांच्या जुळणीवरून चार हजार वर्षांनी स्वर ओळखणे मला धाडसाचे वाटते. या लोकांनी स्वर-ताल लिहून ठेवण्याची लिपी केली नाही. शांपोल्यों या फ्रेंच पंडिताने 1822 साली त्यांची चित्रलिपी उलगडली, त्यामुळे गाण्याचे शब्द वाचता येतात. चाल येत नाही. गुरूच्या तोंडून आणि हातातून जे शिष्याकडे गेले ते शिष्य संपताच संपले.

आता कातड्याची वाद्ये. डफासारखे गोल, एका हातात धरून दुसऱ्याने वाजवायचे वाद्य बायकांचे. तिसऱ्या आमेनहोतेप राजाच्या राज्योत्सवाचे देखावे खेरूफ नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात कोरले आहेत, त्यांत असे डफ वाजविणाऱ्या, टाळ्या देणाऱ्या आणि नाचणाऱ्या बायका ओळीने आहेत. चौकोनी डफही होता, त्याच्या बाजू आत वळलेल्या; रेखमिरे प्रधानाच्या थडग्यातल्या मेजवानीत तो दिसतो, पण पुढच्या काळात तो जवळजवळ नाहीसा होतो. बेस नावाचा एक बुटका, दाढीवाला, जीभ बाहेर काढलेला देव आहे. तो बाळंतिणीचा आणि लहान मुलांचा राखणदार. फिले बेटावरच्या हाथोर मंदिरात हा बेस डफ वाजवताना कोरलेला आहे. आवाजाने वाईट शक्ती दूर पळावी, हा यामागचा भाव.

पखवाजाच्या घराण्यात बसेल असे वाद्यही होते: मधे फुगीर, दोन्ही तोंडे मढविलेली, आणि कातडी वाद्यांनी एका तोंडापासून दुसऱ्या तोंडापर्यंत आवळलेली. बेनी हसन येथे जॉन गार्स्टांग याने 1902 ते 1904 या काळात खोदकाम केले तेव्हा मध्य राज्याच्या काळातला, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा, असा एक ढोल त्याला मिळाला. चित्रांतून हा ढोल गळ्यात अडकवून आडवा धरलेला आणि उघड्या हातांनी वाजवलेला दिसतो, काठी नाही. वाजविणारे बहुतेक पुरुष, पुष्कळदा लष्करातले, आणि पुष्कळदा दक्षिणेकडच्या नुबिया देशातले.

ही सगळी वाद्ये एका ठिकाणी पाहायची तर लक्सोरच्या मंदिरातल्या लांब खांबांच्या मंडपात जावे. तुतनखामेनच्या काळात तिथल्या भिंतींवर ओपेत उत्सवाची मिरवणूक कोरली गेली. हा उत्सव वर्षातून एकदा, नाईलला पूर आलेला असताना होई. कर्नाकच्या मंदिरातून आमोन देव, त्याची पत्नी मूत आणि पुत्र खोन्सू असे तिघे लक्सोरला जात. अंतर सुमारे तीन किलोमीटर. देव एका सोनेरी नावेत, पडद्याआड. आणि ती नाव दांड्यांवर ठेवून पुजाऱ्यांनी खांद्यावर घेतलेली. नदीपर्यंत अशी खांद्यावरून, मग मोठ्या नौकेत चढवून, आणि ती नौका काठावरून दोर लावून माणसांनी ओढायची. देव क्वचितच बाहेर येई, आणि बाहेर आला तरी पडद्यात. सामान्य माणसाला गाभाऱ्यात प्रवेश नव्हता. वर्षातले हेच दिवस त्याचे.

पश्चिमेच्या भिंतीवर जाताना, पूर्वेच्या भिंतीवर परत येताना. काठाने सैनिक चालले आहेत. त्यांच्यात ढोलवाला आहे. नुबियाचे लोक नाचत आहेत. लिबियाचे लोक हातातल्या वाकड्या काठ्या, ज्या एरवी पाखरांवर फेकायच्या, त्याच एकमेकींवर आपटून ठेका देत आहेत. स्त्रिया सिस्ट्रम आणि मेनात घेऊन ओळीने उभ्या आहेत. कसरती करणाऱ्या पोरी कमान टाकून मागे वाकल्या आहेत. पुजारी टाळ्या वाजवीत आहेत. ज्याला जे वाजवता येते ते तो वाजवतो आहे, कुणाला बाहेर काढलेले नाही, परमुलखातल्यालाही नाही. तिसऱ्या थुतमोसच्या काळी, इ. स. पू. पंधराव्या शतकात, हा उत्सव अकरा दिवसांचा होता. तिसऱ्या रामसेसच्या काळी, इ. स. पू. बाराव्या शतकात, तो वाढत वाढत सत्तावीस दिवसांवर गेला. उत्सव कमी झाल्याचे कधी कुठे ऐकले आहे का?

टाळ होते का, हे विचारल्याशिवाय वाचक सोडणार नाहीत. होते, पण फार उशिरा आले. पिरॅमिडवाल्यांना टाळ माहीत नव्हता. ग्रीक आणि रोमन सत्तेच्या आगेमागे तो मिसरमध्ये दिसू लागतो. आकाराने आपल्या टाळाहून पसरट, झांजेसारखा. विल्किन्सन या इंग्रज विद्वानाने 1837 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात साडेपाच ते सात इंच व्यासाचे माप दिले आहे. अशी एक काशाची जोडी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. थिबीज येथे आमोनच्या मंदिरातला आंखहापे नावाचा एक वादक होता, त्याच्या शवपेटीत ती त्याच्याबरोबर ठेवलेली होती. सोने नाही, राजमुद्रा नाही. परलोकी जाताना त्याच्याजवळ झांजांची जोडी दिली. मला या सबंध विषयात तुतनखामेनच्या खजिन्यापेक्षा हा गृहस्थ अधिक जवळचा वाटतो.

पण वाद्याची एवढी आवड असलेल्या या लोकांनी एके ठिकाणी वाद्य बंदही ठेवले होते. फिलेच्या शेजारी बिगे नावाचे बेट आहे; तेथे ओसिरिस देवाच्या देहाचा अंश पुरला आहे अशी श्रद्धा. ओसिरिसला त्याच्या भावाने, सेतने, मारले होते. फिले येथे रोमन बादशहा हेड्रियनच्या काळातली एक वेस आहे, तिच्यावर त्या बेटाचा नियम कोरला आहे. त्या जागी कुणी ढोल वाजवू नये, वीणा वा पावा वाजवू नये, आणि पवित्र दिवसांत मोठ्याने बोलूही नये. दर दहा दिवसांनी इसिस देवी पतीला दूध वाहण्यासाठी फिलेहून तिकडे जाई, ती अशा नीरवात. पत्नी पतीच्या समाधीला चालली आहे, तिथे ढोल कसला?

या इसिसबरोबरच सिस्ट्रम समुद्रापलीकडे गेले. इसिसची उपासना रोमन राज्यात पसरली, आणि तिचे भक्त कुठेही ओळखू येत ते हातातल्या या वाद्यावरून. इटलीत पाँपेई शहर इ. स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडले गेले. तिथले इसिसचे मंदिर 1764 साली उकरून निघाले. जवळच्या हर्क्युलेनियम गावच्या एका भिंतीचित्रात डोके भादरलेले, पांढरी वस्त्रे नेसलेले पुजारी आणि सिस्ट्रम वाजविणारे भक्त दोन्ही बाजूंना उभे आहेत. प्लुटार्क या ग्रीक पंडिताने इसिसवर एक ग्रंथ लिहिला, त्यात तो सिस्ट्रमचा अर्थ सांगतो: जगातल्या सर्व वस्तू हलत्या राहिल्या पाहिजेत, त्यांना डुलकी लागली की जागे केले पाहिजे, या आवाजाने विध्वंसक सेत मागे हटतो, चार सळ्या म्हणजे चार महाभूते. यातला जागे करण्याचा आणि सेतला हटविण्याचा भाग जुन्या मिसरी समजुतीला धरून आहे. महाभूतांचा भाग मात्र ग्रीक डोक्यातून निघालेला दिसतो, कारण तुतनखामेनच्या दोन्ही वाद्यांना तीनच सळ्या आहेत आणि चौथे महाभूत कुठे गेले हे विचारण्याची कुणाला गरज भासली नव्हती.

सर्वच रोमन लोक असे समजून घेणारे नव्हते. इ. स. पू. 31 मध्ये आक्टियमच्या लढाईत मिसरची राणी क्लिओपात्रा हरली. पुढे व्हर्जिल या रोमन महाकवीने आपल्या ईनीड काव्यात त्या लढाईचे वर्णन करताना राणीच्या हाती सिस्ट्रम दिले, जणू ती फौजेला खुळखुळा वाजवून बोलावते आहे. रणशिंग असते तर गोष्ट वेगळी. हे काय, देवळातल्या बायकांचे खुळखुळे! त्या थट्टेचा स्वर आपल्या कानांना नवा नाही. 'टाळकुटे' हा शब्द ज्यांनी ऐकून घेतला आहे त्यांना तो लगेच ओळखू येईल. रोमन राज्याचे पुढे काय झाले ते सर्वांना माहीत आहे. मिसरमधल्या देवळांचेही तसेच झाले. शेवटचे फिलेचे मंदिर सहाव्या शतकात जस्टिनियन बादशहाच्या हुकुमाने बंद पडले, आणि सिस्ट्रम वाजविणारे हात त्या देशात उरले नाहीत.

ते वाद्य मात्र नाईलच्या वरच्या अंगाला, इथिओपिया देशात, अजून वाजते आहे. तिथल्या प्राचीन ख्रिस्ती मंदिरांत त्याला त्सेनात्सिल म्हणतात आणि ते मिसरी सिस्ट्रमचेच वंशज समजले जाते. दर वर्षी जानेवारीत त्यांचा तिमकेत नावाचा उत्सव असतो. त्या वेळी मंदिरातली पवित्र पाटी वस्त्रात गुंडाळून, डोक्यावर घेऊन, पाण्याकाठी नेतात. पुढे पांढऱ्या वस्त्रांतले गायक-पुजारी दोन रांगा करून उभे राहतात. एका हातात लांब काठी, दुसऱ्यात त्सेनात्सिल. मधे गळ्यात केबेरो नावाचा मोठा ढोल घेतलेला माणूस. आरंभी सगळे हळू असते, नुसती सळ्यांची सळसळ. मग ढोल लागतो, काठ्या जमिनीवर पडू लागतात, रांगा पुढे-मागे डुलतात, आणि लय वाढत जाते.